गिरण

आमच्या फियाटला गावात कुणी फियाट म्हणत नसे. ‘गिरण आली’ असंच म्हणत. गावात पिठाची गिरण तेव्हा एकच होती, डिझेल इंजिनावर चालणारी, आणि तिचा पुक्-पुक् आवाज शिवारभर जायचा. आमच्या गाडीचा आवाज तिच्यापेक्षा लांब जायचा एवढाच काय तो फरक.

गाव माळशिरस तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं. १९८४ साली उसाचं बिल हातात आलं तेव्हा अण्णांनी ही गाडी पंढरपूरच्या एका वकिलाकडून जुनी विकत घेतली. फियाट ११०० डिलाइट. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढं मागं सोफ्यासारख्या सलग सीटा. पुढं हीच गाडी थोड्याफार फरकानं प्रीमिअर पद्मिनी म्हणून निघाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना ठाऊक झाली. ती बनायची कुर्ल्याला, प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. ही कंपनी १९४४ साली काढली ती वालचंद हिराचंद यांनी. ते मूळचे सोलापूरचे, आणि त्यांचं वालचंदनगर आमच्यापासून नीरा नदीपलीकडं. त्यामुळं आमच्या भागातले जुने लोक फियाटला ‘आपल्या शेठची गाडी’ म्हणायचे. नाव इटलीचं, पण नातं लावायला एवढं पुरत होतं.

गाडी घेतली तेव्हाच तिचा सायलेन्सर गेलेला होता. पण अण्णांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि गावाला तर नाहीच. उलट सोयच झाली. गाडी कालव्याच्या भरावावर आली की आवाज घरी पोचायचा आणि आजी चहाचं आधण चुलीवर ठेवायची. पोरं वेशीपर्यंत पळत यायची. रानात बायका हात थांबवून सांगायच्या, ‘अण्णा आलं.’

आत बसणाऱ्यांची गोष्ट निराळी होती. आत बसलं की बोलणं बंद. अण्णा काही सांगायचं झालं तर ओरडून सांगत, आणि गाडीतून उतरल्यावरसुद्धा अर्धा तास ओरडूनच बोलत. पन्नासच्या पुढं काटा गेला की छतापासून पायाखालच्या पत्र्यापर्यंत सगळी गाडी घुमायची. दारावर कोपर टेकलं तर दाताला झिणझिण्या यायच्या. आजी एकदा पंढरपूरला जाऊन आली ती परत गाडीत बसेना. “डोकं उठतंय आन् मळमळतंय. म्या आपली येष्टीनं जाईन,” म्हणायची. सगळे म्हणाले, म्हातारीला गाडी लागते. आई काहीच म्हणत नसे. ती मागच्या सीटवर पदर नाकाला लावून बसायची.

गावात गाडी आली की ती एका घराची राहत नाही. साप चावलेला, विहिरीत पडलेला, अडलेली बाई, रात्री-अपरात्री माणसं आमच्याच दारात यायची. अण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. १९८५ च्या थंडीत, पौषातल्या एका रात्री, वरच्या वस्तीवरची एक पोरगी अडली. पहिलं बाळंतपण. तिला, तिच्या सासूला आणि सुईणीला मागं घालून अण्णा अकलूजला निघाले. मी पुढं बसलो होतो, कंदील आणि पाण्याची कळशी सांभाळायला. थंडी एवढी होती की सासूनं मागच्या दोन्ही काचा वर घेतल्या आणि फटीत फडकं कोंबलं. अण्णांच्या बाजूची काच तेवढी उघडी, कारण त्यांना बिडी लागायची. गळीत हंगाम चालू होता. उसाच्या गाड्यांमागं गाड्या लागलेल्या, त्यामुळं चौदा किलोमीटरला पाऊण तास गेला.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा सासूला उतरताच येईना. दोन पायऱ्या चढली आणि तिथंच ओकली. सुईण भिंतीला धरून उभी होती, डोकं फुटतंय म्हणत होती. पोरगी सुस्त पडली होती; कळा देत होती, पण हाक मारली तर ओ देत नव्हती. सगळ्यांना वाटलं बाळंतपणानंच असं झालं. डॉक्टर मात्र सासूकडं बघत राहिले. मग अण्णांना म्हणाले, “गाडीत धूर येतो का?”

“न्हाई वो. धूर कुठं दिसत न्हाई.”

“दिसणार नाहीच. आवाज येतो का खालून?”

अण्णा गप्प झाले. आवाजाचं तर अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

पोरगी सुटली. पहाटे मुलगा झाला, दोघंही वाचली. पण डॉक्टरांनी सकाळी अण्णांना बाकावर बसवून समजावून सांगितलं, ते मला अजून आठवतं. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त जसं प्राणवायूला धरतं तसंच याला धरतं, पण दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. ज्याला झोप येते त्याला आपल्याला काही होतंय हे कळतही नाही. पोटातल्या बाळाला तर आईच्या आधी धोका. डॉक्टर म्हणाले, “काच उघडी होती म्हणून तुम्ही दोघं पुढं ठीक राहिलात. गाडी आधी दाखवा. मग पेशंट आणा.”

अण्णा तिथूनच, झोप न घेता, चाचांच्या गॅरेजला गेले.

चाचा म्हणजे अकलूजचे फियाटचे मिस्त्री. उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सीच्या कामात घालवलेली, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. त्यांनी गाडीचा आवाज नाक्यावरच ऐकला होता. अण्णा म्हणाले, “चाचा, नवा सायलेन्सर टाका, मोठ्यातला मोठा. आवाज बंद झाला पायजे.” कुणीतरी शेजारून सल्ला दिला, पुढं बारीक पाइप जोडा, आवाज आपोआप दबंल.

चाचा हसले. “नाक दाबलं तर तोंड उघडंल, अण्णा. धूर कुठनं तरी भायेर येणारच. बारीक पाइप केला तर इंजिन गरम होईल, व्हॉल्व्ह जळतील, आन् जोडातनं पुन्ना फुसफुस सुरू. आवाज बंद करायचा नसतो. तो कुठनं येतो ते बगायचं. आन् ह्यो आवाज एक न्हाई, तीन हायत.”

ते तीन आवाज त्यांनी मला एकेक करून ऐकवले. शाळेला तीन दिवस सुट्टी मारून मी तिथं पाना देणाऱ्या पोराचं काम केलं.

पहिला आवाज गळतीचा. इंजिन थंड असताना गाडी चालू केली आणि चाचांनी मागच्या पाइपाच्या तोंडाशी ओल्या गोणपाटाचा बोळा क्षणभर धरला. पुढं बॉनेटखाली लगेच चक्-चक्, फुस-फुस सुरू झालं. अण्णा म्हणाले, उदबत्ती लावू का, धूर कुठं हलतो ते दिसंल. “पेट्रोलच्या गाडीला इस्तू दाखवता काय?” म्हणत चाचांनी काडीच्या टोकाला कोंबडीचं बारीक पीस बांधलं आणि जोडाजोडावरून फिरवलं. बिडाचा मॅनिफोल्ड आणि खाली जाणारा पाइप यांच्या जोडाशी पीस थरथरलं. तिथंच काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली होती. दुसरी गळती सायलेन्सरच्या शिवणीवर. आणि सायलेन्सरच्या बरोबर वर, मागच्या सीटखालच्या पत्र्याला, गंजानं पडलेली भोकं. वायरी आणि केबली जिथनं आत जातात तिथली रबरंही कधीच गळून गेलेली. म्हणजे ज्या वाटेनं आवाज आत येत होता त्याच वाटेनं विष येत होतं. आजीला गाडी लागत नव्हती. तिला धूर लागत होता.

जुना सायलेन्सर चाचांनी छिन्नीनं फोडून दाखवला. मला वाटलं होतं तो एक पोकळ डबा असेल. आत भोकाभोकांच्या नळ्या आणि आडवे पडदे होते, म्हणजे कधीकाळी होते. आता नुसता गंजाचा चुरा. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला दोनदा पेटतं. गाडी उभी असताना मिनिटाला आठशे फेऱ्या धरल्या तरी सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धमाके होतात, आणि तीन हजार फेऱ्यांवर शंभर. प्रत्येक धमाक्याची लाट सायलेन्सरच्या खोल्यांमध्ये पसरते, पडद्यावर आपटून मागं फिरते, पुढून येणारीला भिडते आणि दोघी एकमेकींना मारतात. धूर वाहत राहतो, लाट मात्र आतच मरते. पडदे गेले की लाट सरळ बाहेर.

तो आतून का कुजला, हेही चाचांनी सांगितलं. पेट्रोल जळतं तेव्हा त्याचं पाणीही होतं. एका लिटरमागं जवळजवळ लिटरभर. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. आमची गाडी मात्र घर ते सोसायटी, सोसायटी ते मळा. सायलेन्सर तापायच्या आत इंजिन बंद. पाणी आतच साचतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. नव्या सायलेन्सरच्या पोटाला, सगळ्यात खालच्या जागी, चाचांनी सुईएवढं भोक पाडलं, पाणी ठिबकून जायला.

जोडाचं काम त्यांनी घाईनं केलं नाही. दोन्ही तोंडं कानशीनं घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं, पितळी नट लावले, कारण पितळ तापलं तरी बोल्टला धरून बसत नाही. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. गाडी तापवून, थंड करून, पुन्हा एकदा पाना फिरवला. तेव्हाचं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असायचं. ती धूळ छातीला किती वाईट ते पुढं कळलं. आज कुणी जुनी गाडी उघडत असेल तर ते ओलं करूनच काढावं, कोरडं खरवडू नये.

दुसरा आवाज लोखंडाला लोखंड लागल्याचा. सायलेन्सर आणि मागचा पाइप गाडीखाली रबराच्या पट्ट्यांवर टांगलेले असतात. आमच्या गाडीची रबरं तुटली तेव्हा कुणीतरी ती जागा बांधणीच्या तारेनं आवळून टाकली होती. गावाकडं तारेनं काय बांधलं जात नाही? पण तारेनं पाइपाची थरथर जशीच्या तशी चौकटीला दिली, आणि चौकटीनं पत्र्याला. त्यातच इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ते, तेल पिऊन मऊ झालेलं. इंजिन बोटभर खाली बसलं होतं आणि पाइप आडव्या चॅनेलला टेकत होता. चार सिलिंडरचं सरळ इंजिन कितीही चांगलं असलं तरी ते थोडं थरथरतंच. ती त्याच्या बांधणीतली गोष्ट आहे. ती थरथर इंजिनापाशीच अडवायची हे रबराचं काम.

फाउंडेशनची रबरं मुंबईहून मागवलेली चाचांकडं होती. टांगायच्या पट्ट्या नव्हत्या. तेव्हा अण्णांनी डोकं चालवलं. साखर कारखान्यात बगॅस वाहून नेणारा पट्टा असतो, जाड रबर आणि मध्ये कापडाचे थर. जुन्या पट्ट्याचे तुकडे शेतकरी गोठ्यात बैलांखाली अंथरायला आणत. आमच्याही गोठ्यात होता. अण्णांनी घरून हातभर कापून आणला आणि चाचांनी त्यातनं पट्ट्या काढल्या. ओढून बघितल्या, पिळून बघितल्या आणि म्हणाले, “कंपनीच्या बापाच्या हायत.” मग सगळे क्लॅम्प ढिले ठेवून गाडी चालू केली, इंजिन दोन-चार वेळा हाताने हलवलं, पाइपाला त्याच्या मनानं बसू दिलं, आणि पुढनं मागं येत एकेक क्लॅम्प आवळला. शेवटी गाडीखाली आडवं होऊन पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडं बोट फिरवलं. जिथं बोट अडलं तिथं पाइप पुन्हा हलवला.

त्याआधी प्लग आणि पॉइंट साफ करून घेतले होते. “एक सिलिंडर लंगडा आसंल तर रबर तरी काय करणार?” हे चाचांचं म्हणणं.

इतकं झाल्यावर गाडी उभी असताना शिवणयंत्रासारखी चालायला लागली. पण पन्नासच्या पुढं तिसरा आवाज राहिलाच, तो घुमारा. चाचांनी मला विचारलं, “हलगी वाजवतोस का?” मी म्हटलं, हो. “वाजवताना कातड्यावर तळहात ठेवला तर काय होतं?” आवाज मरतो, मी म्हटलं. “मग गाडीचा पत्रा म्हंजे हलगीच हाय.” एका ठरावीक वेगाला इंजिनाची लय आणि पत्र्याची लय एक होते आणि पत्रा स्वतःच वाजायला लागतो. त्याच्यावर वजन ठेवायचं, हात ठेवल्यासारखं. आधी भोकांवर पत्र्याची ठिगळं गॅस वेल्डिंगनं मारली, वायरींच्या भोकांत नवी रबरं बसवली. मग मोकळ्या पत्र्यावर डांबरी पत्रके गरम करून चिकटवली, डिकीतसुद्धा. त्याच्यावर आजीनं दिलेली जुनी घोंगडी कापून अंथरली, आणि वर मॅट. घोंगडी पाणी धरते, म्हणून पावसाळ्यात ती काढून वाळवावी लागायची. नाहीतर घुमारा जाऊन गंज आला असता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडी घेऊन घरी आलो. वेशीवर एकही पोर आलं नाही. चुलीवर आधण नव्हतं. आजी ओसरीवर निवडत बसली होती, तिनं वर बघितलं आणि विचारलं, “आरं, गाडी कुठं ठिवून आला?”

दोन-चार दिवस गावाला ते रुचलं नाही. एक जण तर म्हणाला, “अण्णा, गाडीची शान गेली.” पण वस्तीवरची ती सासू नातवाला घेऊन देवीला निघाली तेव्हा स्वतः येऊन मागं बसली. आणि आजी पुन्हा गाडीत बसायला लागली. नुसती बसली नाही, झोपायलासुद्धा लागली. आधी त्या झोपेचीच आम्हाला भीती वाटली. अण्णा दर मैलाला मागं वळून हाक मारायचे, “आये, जागी हायस न्हवं?” ती वैतागून म्हणायची, “झोपू दी की मुडद्या.”

त्या उन्हाळ्यानंतरची एक गोष्ट सांगायची आहे. १९८६ साली आक्का दहावी पास झाली. घरात तिच्या स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं. आमचं घर खटल्याचं. चुलते, चुलत्या, येणारे-जाणारे. थोरांच्या समोर आई अण्णांशी दोन शब्दांच्या पुढं बोलत नसे. आणि गाडीत कधी दोघं एकत्र असले तर आधी त्या आवाजात बोलणंच शक्य नव्हतं. ओरडून सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

त्या दिवशी आम्ही अकलूजच्या बाजाराला निघालो होतो. आजी मागं आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. मी पुढं. कालव्याच्या कडेनं गाडी चाललेली, आणि मागून आईचा आवाज आला. अगदी हळू, घरात माजघरात बोलावा तसा.

“आवं, आक्काचं काय ठरवलंय?”

“तासगावचं स्थळ बगायचं हाय की.”

“स्थळाचं न्हाई इचारत म्या. कॉलेजाचं.”

अण्णा काही बोलले नाहीत. इंजिनाची घरघर आणि चाकाखालची खडी तेवढी ऐकू येत होती. आई पुन्हा म्हणाली, “ती गणितात पयली आलीया. पोरं कुणी तिच्या पुढं न्हवती. म्या आडाणी हाय, तिला तरी शिकू द्या.” एवढं लांबलचक वाक्य आईनं अण्णांना म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कदाचित म्हटलेलं असेलही. ऐकू आलं नसेल.

कालव्याचा पूल आला, गेला. मग अण्णा म्हणाले, “येष्टीचा पास काढायला लागंल.”

आक्का पुढं शिक्षिका झाली. तासगावच्या स्थळाचं पुन्हा नाव निघालं नाही. हे सगळं सायलेन्सरमुळं झालं असं मी म्हणणार नाही. आईनं ते कधी ना कधी बोललं असतंच. पण ती जागा तिला तिथं मिळाली, हे मी पुढच्या सीटवर बसून बघितलं आहे.

कुर्ल्याचा तो कारखाना कधीच थांबला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. चाचा नाहीत, अण्णाही नाहीत. गाडी आहे. दर पंधरा दिवसांनी मी ती काढतो, नुसती चालू करून ठेवत नाही. अकलूजला जाऊन येतो, सायलेन्सर पुरता तापून पाणी जाईपर्यंत. दिवाळीआधी एकदा खाली आडवं होऊन पाइपाभोवती बोट फिरवतो, जोडावर पीस धरतो. टांगायच्या पट्ट्या अजून कारखान्याच्या पट्ट्याच्याच आहेत.

आई ऐंशीच्या पुढं गेली. तिला दवाखान्यात न्यायचं तर नव्या गाडीत ती बसत नाही, फियाटच लागते. मागच्या सीटवर बसते आणि हळू आवाजात काहीबाही सांगत असते, कुणाची लग्नं, कुणाची वाटणी. मध्येच तिचं बोलणं नीट ऐकू येईनासं झालं, की मी ओळखतो, खाली कुठंतरी रबर गेलं.